पहिल्या पुनःश्वसनयंत्राची निवड : १८७८ पासूनच्या एका प्रश्नाचा इतिहास

पाण्याखाली श्वास घेण्याच्या साधनांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली अमुक गृहस्थाने अमुक यंत्र केले, पुढच्याने त्यात सुधारणा केली, आणि अशा रीतीने आजचे यंत्र सिद्ध झाले, असा या लेखनाचा सर्वसाधारण साचा असतो. या साच्यात एक व्यक्ती नेहमी वगळली जाते. ती म्हणजे ते यंत्र पहिल्यांदा तोंडाला लावणारा पाणबुड्या. त्याने तेच यंत्र का पत्करले, त्याच्यापुढे दुसरे कोणते मार्ग होते, निवड करताना त्याला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक नव्हते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. ज्या यंत्राला रिब्रीदर हे नाव रूढ आहे आणि ज्याला मराठीत पुनःश्वसनयंत्र म्हणता येईल, त्याच्या बाबतीत तर हे प्रश्न टाळून चालावयाचे नाही. कारण या यंत्राच्या निवडीत किंवा वापरात झालेली चूक पुष्कळदा ती करणाऱ्याला अखेरपर्यंत कळतच नाही.

यंत्राचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. श्वासावाटे आत जाणाऱ्या हवेत प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ असते आणि उच्छ्वासातही ते शेकडा १६ च्या आसपास शिल्लक राहते. पाठीवर हवेची टाकी बांधून बुडणारा मनुष्य हा उरलेला प्राणवायू बुडबुड्यांच्या रूपाने फेकून देत असतो. खोली वाढते तशी ही उधळपट्टीही वाढते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्यास ३० मीटर खोलीवर, म्हणजे चौपट दाबाखाली, टाकीतील ८० लिटर हवा लागते. शरीराची खरी गरज मात्र खोलीप्रमाणे बदलत नाही. मध्यम कष्टाच्या कामात ती मिनिटाला एक ते दीड लिटर प्राणवायू एवढीच असते. तेव्हा उच्छ्वास बाहेर न सोडता तो एका पिशवीत घ्यावा, त्यातील कार्बन डायऑक्साइड एखाद्या क्षाराकडून शोषून घ्यावा, खर्ची पडला तेवढा प्राणवायू त्यात घालावा आणि तीच हवा पुन्हा हुंगावी, एवढीच ही कल्पना आहे. लहानशा टाकीवर कित्येक तास काढता येतात आणि पाण्यावर एकही बुडबुडा येत नाही.

या काटकसरीची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. पिशवीतील प्राणवायू फार कमी झाला तर मनुष्य बेशुद्ध होतो. खोलीच्या मानाने तो फार जास्त झाला तर आकडी येते. आणि शोषकाचा क्षार निकामी झाला तर कार्बन डायऑक्साइड साचून धाप लागते व बुद्धी चळते. या तिहींपैकी पहिल्या दोहोंची भरवशाची सूचना शरीराकडून मिळत नाही. गुदमरल्याची जी जाणीव मनुष्यास होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते, प्राणवायू घटल्यामुळे नव्हे. आणि पुनःश्वसनयंत्र तर कार्बन डायऑक्साइडच काढून टाकते. साध्या टाकीतील हवा संपली तर ओढूनही श्वास येत नाही आणि संकट तत्काळ कळते. येथे श्वास येतच राहतो. तो जगविणारा आहे की नाही, एवढेच कळत नाही. या यंत्राच्या निवडीचा प्रश्न इतर साधनांच्या निवडीहून निराळा ठरतो तो याच कारणाने.

लिएज येथील प्राध्यापक थिओडोर श्वान, ज्याचे नाव पेशीसिद्धांतामुळे सर्वपरिचित आहे, त्याने १८५३ मध्येच अशा यंत्राची रचना केली होती. परंतु ती व्यवहारात रुजली नाही. व्यवहारात उतरलेले पहिले यंत्र हेन्री फ्लूस या इंग्रज दर्यावर्दी अधिकाऱ्याचे होय. १८७८ मध्ये त्याने ते सिद्ध केले. रबरी मुखवटा, त्याला जोडलेली श्वासपिशवी, तांब्याच्या टाकीत दाबाखाली भरलेला प्राणवायू आणि कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात भिजविलेला दोरखंडाचा काथ्या, एवढाच त्याचा सरंजाम होता. दुसऱ्या वर्षी फ्लूसने पाण्याच्या हौदात तासभर बसून ते स्वतःवर आजमावले आणि नंतर तो उघड्या पाण्यात सुमारे साडेपाच मीटर खोल गेला. त्या वेळी मदतनिसांनी त्याला एकदम वर ओढल्याने किरकोळ इजा झाली. म्हणजे हे यंत्र पहिल्यांदा निवडणारा त्याचा कर्ताच होता, आणि ही परंपरा पुढे शंभर वर्षे चालू राहिलेली दिसते.

यंत्र दुसऱ्याने केलेले, आणि ते वापरावे की नाही हे आपण ठरवावयाचे, असा प्रसंग स्पष्टपणे प्रथम आला तो सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे हे काम चालू असता ऑक्टोबर १८७९ मध्ये जमिनीतील एक मोठा झरा फुटून सारे खोदकाम पाण्याने भरले. नदीखालच्या भुयारात सुमारे एक हजार फूट अंतरावर एक लोखंडी दार होते. पाणी आले तेव्हा जीव घेऊन पळालेल्या मजुरांनी ते उघडेच टाकले होते. ते बंद झाल्यावाचून पंपांना पाणी आटपेना. कंत्राटदार थॉमस वॉकर याच्या पदरी अलेक्झांडर लँबर्ट हा मुख्य पाणबुड्या होता. तो आधी नेहमीच्या शिरस्त्राणाच्या पोशाखात गेला आणि त्याची नळी ओढण्यासाठी मागे इतर पाणबुडे उभे केले. परंतु हवेने भरलेली नळी तरंगून भुयाराच्या छताला चिकटे, पडलेल्या लाकूडसामानात अडके, आणि ती खेचून पुढे जाणे कोणाच्याही ताकदीबाहेरचे ठरले. तेव्हा वॉकरने फ्लूसला पाचारण केले. फ्लूस स्वतः उतरला, पण तो काही निष्णात पाणबुड्या नव्हता. दारापर्यंत जाणे त्याला साधले नाही. शेवटी लँबर्टने ते अपरिचित यंत्र पाठीवर घेतले.

नोव्हेंबर १८८० मधील ही घटना वॉकरने पुढे आपल्या ग्रंथात सविस्तर नोंदविली आहे. पूर्ण काळोखात, चाचपडत, कोणत्याही नळीशिवाय लँबर्ट दारापर्यंत गेला. दारातून गेलेले खोदकामाच्या गाड्यांचे रूळ उखडल्याशिवाय ते लागण्यासारखे नव्हते. ते काम एका खेपेत झाले नाही. परत येऊन तो पुन्हा गेला, दार लावले, आणि सांगितल्याप्रमाणे एका झडपेचा दांडा मोजके फेरे फिरवून परतला. नंतर पाणी उपसले गेले तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. त्या झडपेचे आटे डावे होते. ती मुळात बंदच होती, आणि लँबर्टने आज्ञेप्रमाणे फेरे देऊन ती उघडली होती. दार लागले म्हणून काम साधले. झडपेच्या बाबतीत मात्र काळोखातल्या त्या माणसाने अचूकपणे उलटे केले होते. बोगदा १८८६ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

लँबर्टची ही निवड धाडसाचे उदाहरण म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. ती धाडसाची होतीच. परंतु नीट पाहता तीत निवड अशी फारच थोडी होती. नळीचा मार्ग खुंटला होता, हाताशी दुसरे यंत्र नव्हते, आणि मालकाचे सारे काम अडून राहिले होते. महत्त्वाचे म्हणजे हे यंत्र कोणत्या खोलीपर्यंत निर्धोक आहे याची माहिती ना त्याला होती ना फ्लूसला. ती माहिती जगात अस्तित्वात नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. फ्लूसने यंत्र केले त्याच वर्षी, १८७८ मध्ये, पॅरिस येथे पॉल बेर याचा वायुदाबावरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला. दाबाखालील प्राणवायू हा विष ठरतो व आकडी आणतो, हे त्यात प्रयोगांनी दाखविलेले आहे. यंत्र आणि त्याची मर्यादा एकाच वर्षी उजेडात यावी आणि त्यांची गाठ पडू नये, हा योगायोग इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. बेरचा ग्रंथ शरीरशास्त्रज्ञांनी वाचला. यंत्रे करणाऱ्यांच्या आणि ती वापरणाऱ्यांच्या टेबलावर तो पोचला नाही. त्याचे इंग्रजी भाषांतर व्हावयास १९४३ साल उजाडले, आणि ते झाले तेही युद्धाच्या निकडीमुळे.

मधल्या काळात हे यंत्र पाण्यापेक्षा खाणींतच अधिक वापरले गेले. स्फोटानंतर विषारी वायूत शिरणाऱ्या बचावपथकांना त्याची गरज होती आणि तेथे खोलीच्या दाबाचा प्रश्न नव्हता. सीब गॉर्मन या इंग्रज कंपनीत रॉबर्ट डेव्हिसने व जर्मनीत ड्रेगर कंपनीने त्याचे अनेक प्रकार केले. बुडालेल्या पाणबुडीतून खलाशांनी निसटावे म्हणून डेव्हिसने केलेले साधन ब्रिटिश नौदलाने स्वीकारले, आणि १९३१ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ ‘पोसायडन’ ही पाणबुडी बुडाली तेव्हा काही खलाशी त्याच्या साहाय्याने वर आले. येथे वापरणाऱ्याने निवडण्याचा प्रश्नच नव्हता. साधन भिंतीवर टांगलेले असे.

जून १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही पाणबुडी लिव्हरपूलजवळ बुडाली आणि ९९ माणसे मेली. त्यानंतरच्या चौकशीच्या निमित्ताने जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दाबाच्या कोठडीत स्वतःवर जे प्रयोग केले त्यांचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. बंद जागेत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने मनुष्याची काय अवस्था होते आणि तशा अवस्थेत तो निसटण्याचे साधन नीट लावू शकेल काय, हा त्यांच्या शोधाचा विषय होता. पुढे प्राणवायूच्या प्रयोगांत त्यांना एकदा अशी आकडी आली की पाठीच्या मणक्यांना कायमची इजा झाली. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. आनुवंशिकीचे पंडित म्हणून त्यांना ओळखणाऱ्या येथील पुष्कळ अभ्यासकांना त्यांच्या पाठदुखीचे मूळ ठाऊक नसते.

दुसऱ्या महायुद्धाने निवडीचे एक अगदी नवे कारण पुढे आणले. ते म्हणजे बुडबुडे न येणे. १८ व १९ डिसेंबर १९४१ च्या मधल्या रात्री सहा इटालियन नौसैनिक तीन मानवचलित पाणतीरांवर बसून अलेक्झांड्रियाच्या बंदरात शिरले आणि त्यांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. त्यांच्या तोंडाला शुद्ध प्राणवायूची पुनःश्वसनयंत्रे होती. ब्रिटिशांनी लागलीच स्वतःचे असे दल उभारले आणि तेव्हा कोठे, बेरच्या ग्रंथानंतर ६४ वर्षांनी, पाण्याखालील मनुष्यास किती प्राणवायू सोसतो याचा पद्धतशीर शोध सुरू झाला. तो वैद्य केनेथ डोनाल्ड याने चालविला.

डोनाल्डच्या प्रयोगांचे निष्कर्ष १९४७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे खरे महत्त्व त्यांतील मर्यादेच्या आकड्यात नसून त्या आकड्याच्या अनिश्चिततेत आहे. कोरड्या कोठडीत सोसणारा दाब पाण्यात सोसत नाही, हे त्याने दाखविले. माणसामाणसांतील फरक प्रचंड असतात, हेही दाखविले. परंतु सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच होती. एकाच पाणबुड्यास ७० फुटांच्या खोलीवर सुमारे तीन महिन्यांच्या अवधीत वीस वेळा प्राणवायू दिला असता लक्षणे दिसावयास कधी अवघी ७ मिनिटे लागली, तर कधी १४८. मनुष्य तोच, खोली तीच, यंत्र तेच. काल सोसले म्हणून आज सोसेल, हे अनुभवी माणसाचे अनुमान येथे निरुपयोगी ठरते. शुद्ध प्राणवायूच्या यंत्राने २५ फुटांखाली जाऊ नये असा निर्णय डोनाल्डने दिला. प्रयोगास बसणाऱ्या तरुण नौसैनिकांनी हौदाच्या तळाशी ‘ऑक्सिजन पीट’ नावाचा एक राक्षस राहतो अशी दंतकथा रचली होती. विनोद म्हणून ती नोंदली जाते. तथापि ज्या संकटाची चाहूल लागत नाही त्याला निदान एक नाव द्यावे, ही धडपड तीत दिसून येते.

हे ज्ञान युद्धामुळे गुप्त होते, आणि त्याच सुमारास युद्धाबाहेरचे दोन तरुण हीच निवड आपापल्या परीने करीत होते. त्या दोघांनी दिलेली उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने त्यांची तुलना फार उद्बोधक आहे.

पहिला जाक कुस्तो. फ्रेंच नौदलाचा हा अधिकारी १९३८-३९ च्या सुमारास तुलाँ येथे होता. गॅसच्या मुखवट्याचा डबा आणि मोटारसायकलची आतली नळी यांपासून त्याने प्राणवायूचे यंत्र करविले. ४५ फुटांपर्यंत प्राणवायू निर्धोक आहे, असे त्या काळी सांगितले जाई. त्या खोलीवर माशांच्या मागे जात असता त्याला आकडी आली. शुद्ध हरपण्यापूर्वी कमरेचे वजन सोडून देण्याइतके भान राहिले म्हणून तो वर आला. दोष यंत्राच्या घडणीत असेल असे समजून त्याने सुधारलेले यंत्र करविले, आणि त्याच खोलीवर पुन्हा तेच घडले. त्यानंतर त्याने प्राणवायूचा नाद सोडला. १९४३ मध्ये एमील गान्याँ या अभियंत्यासमवेत त्याने दाबलेल्या हवेचे जे खुले यंत्र सिद्ध केले, ते पुढे जगभर पसरले. कुस्तोने ‘शांत जग’ या आशयाच्या नावाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हा वृत्तांत दिला आहे. पहिल्या अपघातानंतर त्याने यंत्रावर संशय घेतला, मर्यादेवर घेतला नाही, ही गोष्ट त्यात सहज निघून जाते. वास्तविक तीच सर्वांत बोलकी आहे. मर्यादा अधिकाऱ्यांनी सांगितलेली होती आणि यंत्र स्वतःच्या हातचे होते. आणि बेरचा ग्रंथ तर त्याच्याच मातृभाषेत साठ वर्षे छापून पडला होता.

दुसरा व्हिएन्नाचा हान्स हास. प्राणिशास्त्राचा हा विद्यार्थी १९३९ मध्ये क्युरासाओच्या समुद्रात मासे पाहून आला होता. १९४२ मध्ये ग्रीक बेटांजवळ चित्रपट घेण्यास गेला तेव्हा त्याने ड्रेगर कंपनीकडून आपल्या गरजेप्रमाणे प्राणवायूचे यंत्र करवून घेतले. मासे बुडबुड्यांनी बुजतात आणि चित्रणास वेळ लागतो, हे त्याचे कारण. शिवाय प्रवाळाचे सुंदर जग उजेडाच्या थरात, म्हणजे उथळ पाण्यातच असते; खोल जाण्याची त्याला फारशी गरज नव्हती. जे यंत्र कुस्तोला दोनदा मृत्यूच्या दारी घेऊन गेले त्याच जातीच्या यंत्राने हासने आपले सारे प्रारंभीचे काम केले. या दोहोंत कोण शहाणा, हा वाद निष्फळ आहे. कुस्तोला खोली हवी होती, हासला शांतता. ज्याने आपल्याला नेमके काय हवे हे आधी ठरविले त्याचे यंत्र त्याला पुरले.

अमेरिकेत याच काळात ख्रिश्चन लँबर्टसन या पेनसिल्व्हेनियातील वैद्यकीय विद्यार्थ्याने असेच यंत्र केले; नौदलाने त्यात रस घेतला नाही आणि हेरखात्याने घेतला. युद्धोत्तर काळात सुरुंग काढणाऱ्या पाणबुड्यांसाठी प्राणवायू व नत्रवायू यांचे मिश्रण ठराविक गतीने सोडणारी अर्धबंद यंत्रे आली. त्यांनी खोलीची मर्यादा वाढविली, पण शांतपणे दगा देण्याचा मूळ दोष गेला नाही. मिश्रण सोडणारे छिद्र तुंबले की पिशवीतील प्राणवायू घटत जाई आणि श्वास नेहमीसारखाच चालू राही.

या दोषावर खरा उपाय एकच संभवत होता. पिशवीतील प्राणवायू सतत मोजावयाचा. लीलंड क्लार्क याने १९५६ मध्ये प्राणवायू मोजणाऱ्या विद्युद्ग्राची रचना प्रसिद्ध केली. ती रुग्णाच्या रक्तासाठी होती. परंतु त्या जातीचे संवेदक पाण्याखाली नेता येतील हे लवकरच ध्यानात आले. १९६८ मध्ये वॉल्टर स्टार्क व जॉन कॅनविशर यांनी ‘इलेक्ट्रोलंग’ हे यंत्र पुढे आणले. स्टार्क हा प्रवाळातील माशांचा अभ्यासक होता. स्वतःच्या कामासाठी त्याला ते हवे होते. संवेदकाने मोजावे, विद्युत्‌मंडलाने झडप उघडावी, आणि पाणबुड्याने मासे पाहावेत, अशी ही योजना. फ्लूसपासून चालत आलेला यंत्रकर्ता व वापरणारा यांचा एकोपा येथे प्रथम सुटला. इलेक्ट्रोलंग विकत मिळू लागले. काही अपघात होऊन थोड्याच वर्षांत त्याचे उत्पादन थांबले. मोजणारे साधनच चुकले तर काय, हा प्रश्न त्याने आपल्यामागे ठेवला. पूर्वी पाणबुड्याला काहीच कळत नसे. आता त्याला चुकीचे कळण्याची शक्यता निर्माण झाली. या दोन स्थितींपैकी कोणती अधिक वाईट, हे सांगणे सोपे नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर विल्यम स्टोन या अमेरिकन अभियंत्याने प्रत्येक अंग दुहेरी करून दिले. जलमग्न गुहांत मैलोगणती आत जाणाऱ्यास खुल्या यंत्राच्या टाक्या वाहून नेणे अशक्य होते. म्हणजे लँबर्टची नळी ज्या ठिकाणी अडली होती तेथेच, शंभर वर्षांनी, टाक्या अडल्या होत्या. डिसेंबर १९८७ मध्ये फ्लॉरिडातील वाकुला झऱ्यात स्टोन आपले यंत्र घेऊन चोवीस तास पाण्याखाली राहिला, आणि वर आला तेव्हा यंत्राची निम्मी शिदोरी शिल्लक होती. १९९४ मध्ये मेक्सिकोतील वाउत्लाच्या गुहेत याच यंत्राची नवी आवृत्ती घेऊन त्याची तुकडी गेली. मोहिमेत एका सहकाऱ्याचा मृत्यू झाला. तरीही स्टोन व बार्बरा आम एंडे ही दोघे जलमग्न भाग ओलांडून पलीकडे पोचली.

याच दशकात निवडीचा प्रश्न आज ज्या रूपात विचारला जातो ते रूप त्याला आले. मायकेल मेंडूनो याने आपल्या नियतकालिकातून ‘टेक्निकल डायव्हिंग’ ही संज्ञा रूढ केली होती. हौशी पण खोल जाणाऱ्या पाणबुड्यांचा एक वर्ग तयार झाला. १९९५ च्या सुमारास ड्रेगरचे अर्धबंद यंत्र आणि १९९७ मध्ये कॉर्नवॉलच्या अँबिएंट प्रेशर कंपनीचे ‘इन्स्पिरेशन’ हे पूर्णबंद यंत्र बाजारात आले. ज्याने यंत्र केले नाही, ज्याला नौदलाने ते दिले नाही, ज्याचे काम त्यावाचून अडलेले नाही, असा मनुष्य इतिहासात प्रथमच दुकानात उभा राहून ‘पहिले यंत्र कोणते घ्यावे’ असे विचारू लागला. निवडीचे खरे स्वातंत्र्य मिळाले ते यालाच. आणि निकड नसल्यामुळे निवडीची संपूर्ण जबाबदारीही याच्यावरच येऊन पडली.

त्याच्यापुढे दोन संप्रदाय उभे होते. एकाचे म्हणणे असे की, मनुष्य विसराळू आहे, म्हणून प्राणवायू घालण्याचे काम विद्युत्‌यंत्राने करावे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, मनुष्य विसराळू आहे म्हणूनच ते काम त्याच्याकडे ठेवावे; म्हणजे दर काही मिनिटांनी आकडा पाहावाच लागेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅनडात निघालेले ‘किस’ हे हस्तचालित यंत्र या दुसऱ्या मताचे प्रतिनिधी होय. एकाच गृहीतकावरून निघालेले हे दोन विरुद्ध निष्कर्ष आहेत आणि दोहोंनाही सुज्ञ पुरस्कर्ते लाभले आहेत. याखेरीज श्वासपिशव्या छातीवर की पाठीवर, शोषक थंड पाण्यात किती वेळ टिकतो, संवेदक ठराविक मुदतीने बदलण्याचा खर्च झेपेल काय, यंत्र दुरुस्त करणारा माणूस किती मैलांवर आहे, असे अनेक मुद्दे खरेदीदारास पाहावे लागत. यांतील शेवटचा मुद्दा दिसतो तितका क्षुल्लक नाही. शिक्षण एकेका यंत्रापुरतेच देण्याची पद्धत पडल्याने यंत्र निवडणे म्हणजे बव्हंशी शिक्षक निवडणे असे होऊन बसले, आणि शिक्षक बहुधा स्वतःच्याच यंत्राची शिफारस करी. २००३ मध्ये या यंत्रांसाठी युरोपीय मानक लागू झाले. त्याने निकृष्ट घडणीला काहीसा आळा बसला. निवडीचा वाद मिटला नाही.

हा वाद आकड्यांच्या आधारे तपासण्याचा उल्लेखनीय प्रयत्न अँड्र्यू फॉक या ऑस्ट्रेलियन वैद्याने २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. १९९८ ते २०१० या काळातील हौशी पाणबुड्यांच्या १८१ मृत्यूंची त्याने छाननी केली. साध्या टाकीने बुडणाऱ्यांच्या मानाने पुनःश्वसनयंत्र वापरणाऱ्यांच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे दहापट असावे, असा त्याचा अंदाज आहे. जोडटाक्यांच्या खुल्या यंत्राशी तुलना करता एखादा भाग निकामी होण्याची शक्यता त्याने पंचवीसपट मानली, आणि सोबत वेगळी खुली टाकी बाळगल्याने ती भरून काढता येते असेही म्हटले. सुमारे दोन तृतीयांश मृत्यू मुळातच धोक्याच्या बुडीशी किंवा बेफिकीर वर्तनाशी निगडित होते. आणि ज्या गोष्टीवर खरेदीदार सर्वाधिक वेळ घालवितात तिच्याविषयी त्याचा निष्कर्ष असा की, कोणत्याही एका कंपनीचे किंवा एका प्रकारचे यंत्र मृतांच्या यादीत विशेष करून आढळत नाही. दोन्ही संप्रदायांना हा निष्कर्ष सारखाच गैरसोयीचा आहे.

या आकड्यांकडे इतिहासकाराने सावधपणेच पाहिले पाहिजे. किती यंत्रे वापरात होती आणि त्यांनी किती बुड्या मारल्या गेल्या, हा छेद अंदाजाचाच आहे. दुसरी अडचण अधिक खोल आहे. यंत्र निवडल्याचे आणि ते कसे वाटले याचे वृत्तांत जे वाचले त्यांनी लिहिलेले असतात. लँबर्टची हकीकत आपल्याला कळते ती तो परत आला म्हणून, कुस्तोची कळते ती वजनाचा पट्टा सुटला म्हणून. जे परत आले नाहीत त्यांच्याविषयी एखाददुसरा चौकशीचा कागद उरतो. यंत्राच्या स्मृतीत नोंद राहू लागल्यापासून काही प्रसंगी शेवटच्या मिनिटांतील प्राणवायूचे आकडे मिळू लागले आहेत. परंतु ते आकडे समोर दिसत असता मनुष्याने त्यांकडे का पाहिले नाही, हे त्या नोंदीत नसते.

मे २०१२ मध्ये फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथे या विषयावरील तिसरी मोठी परिषद भरली. यंत्रकर्ते, शिक्षक, वैद्य आणि पाणबुडे असे सर्वच तीत होते. कोणते यंत्र चांगले याविषयी परिषदेने मत दिले नाही. वैमानिकांप्रमाणे प्रत्येक बुडीपूर्वी छापील यादी हातात धरून, एकेक कलम तपासावे, या शिफारशीवर मात्र एकमत झाले. त्याआधी तीन वर्षे, २००९ मध्ये, स्टोनच्याच रचनेवर आधारलेले ‘पोसायडन’ या स्वीडिश कंपनीचे एक यंत्र बाजारात आले होते. ते ही तपासणी स्वतःच करते आणि ज्ञात मिश्रण सोडून आपला संवेदक खरे बोलतो की नाही याची खात्री करून घेते. म्हणजे तपासणी मनुष्याने करावी की यंत्राने, हा जुना वाद बुडीपूर्वीच्या काही मिनिटांतही येऊन पोचला आहे. यादी कोणाचीही असो, प्राणवायूच्या टाकीची झडप उघडी आहे की बंद, हे कलम तीत असतेच. आणि ती झडप कोणत्या बाजूला फिरवली असता उघडते, हे यंत्र खांद्यावर घेण्यापूर्वी नवख्यास हाताने फिरवून दाखविले जाते.